पेनिसिलिनाचे एंझाइमी विच्छेदन : एका 'हरित' प्रक्रियेचा ताळेबंद

रासायनिक उद्योगात एंझाइमांचा उत्प्रेरक म्हणून उपयोग करण्याविषयी जे लिहिले जाते त्यात 'हरित' हे विशेषण आता इतक्या सहजपणे येते की, तो एंझाइमाचा अंगभूत गुणधर्मच असावा असा समज होतो. एंझाइम सजीवांच्या पेशीत निर्माण होते, पाण्यात व सौम्य तापमानास कार्य करते आणि अखेरीस त्याचे नैसर्गिक रीत्या विघटन होते. यास्तव त्याच्या साहाय्याने चालविलेली प्रक्रिया स्वच्छच असणार, अशी ही विचारसरणी आहे. परंतु प्रक्रियेचे मूल्यमापन उत्प्रेरकाच्या कुळावरून करावयाचे नसते. कारखान्याच्या दारातून आत काय गेले आणि बाहेर काय पडले, यांच्या वजनावरून ते करावयाचे असते. असा हिशेब दोन्ही बाजूंनी मांडता येईल अशा प्रक्रिया थोड्या आहेत. बेंझिल पेनिसिलिनापासून, म्हणजेच पेनिसिलिन-जीपासून, ६-ॲमिनोपेनिसिलॅनिक अम्ल मिळविण्याची प्रक्रिया ही त्यांतील अग्रगण्य होय. कच्चा माल एकच, उत्पादन एकच आणि त्यांना जोडणारे मार्ग दोन : एक निव्वळ रासायनिक, दुसरा एंझाइमी. दोन्ही मार्ग मोठ्या प्रमाणावर प्रत्यक्ष वापरले गेलेले असल्याने तुलनेस याहून सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल.

एंझाइमास 'विकर', 'वितंचक' असे प्रतिशब्द मराठीत वापरण्यात आले आहेत. प्रस्तुत लेखात रूढ असलेला मूळ शब्दच ठेवला आहे.

पेनिसिलिनाचे गाभाद्रव्य

पेनिसिलिनाच्या रेणूचे दोन भाग पडतात. एक, चार अणूंचे बीटा-लॅक्टम वलय व त्यास जोडलेले गंधकयुक्त पंचसदस्य वलय मिळून झालेला गाभा. दुसरा, त्या गाभ्यावरील ॲमिनो गटास जोडलेली पार्श्वशृंखला. पेनिसिलिन-जीमध्ये ही पार्श्वशृंखला फिनिल ॲसिटिक अम्लाची असते. जंतुनाशक क्रिया गाभ्यातील ताणलेल्या वलयामुळे घडते. ती कोणत्या जंतूंवर घडेल, जठरातील अम्लापुढे औषध टिकेल की नाही, प्रतिकारक जंतूंच्या पेनिसिलिनेजापुढे त्याचा निभाव लागेल की नाही, हे मात्र बहुतांशी पार्श्वशृंखलेवर अवलंबून असते. म्हणून जुनी पार्श्वशृंखला काढून टाकून मोकळा गाभा हाती आला, तर त्यास हवी ती नवी शृंखला जोडता येईल, ही कल्पना ओघानेच आली.

जपानमध्ये साकागुची व मुराओ यांनी १९५० मध्ये पेनिसिलियम क्रायसोजिनम या बुरशीत पेनिसिलिनाची पार्श्वशृंखला तोडणारे एंझाइम असल्याचे नमूद केले होते. परंतु त्या शोधाकडे त्या वेळी फारसे लक्ष गेले नाही. पुढे इंग्लंडमधील बीचम कंपनीच्या संशोधकांनी हा गाभा, म्हणजे ६-ॲमिनोपेनिसिलॅनिक अम्ल, स्वतंत्र पदार्थ म्हणून वेगळा केला व १९५९ मध्ये त्याची वार्ता प्रसिद्ध झाली. त्यानंतर एका वर्षातच, १९६० मध्ये, निरनिराळ्या चार उद्योगसंस्थांच्या प्रयोगशाळांनी सूक्ष्मजीवांतील पेनिसिलिन ॲसिलेज या एंझाइमाने हे विच्छेदन घडविता येते असे जाहीर केले. मेथिसिलिन, अँपिसिलिन (१९६१), अमॉक्सिसिलिन (१९७२) ही सर्व औषधे याच गाभ्यावर उभी राहिली. त्यामुळे या एका मध्यवर्ती पदार्थाच्या निर्मितीत जे काही वाया जाते, त्याचा गुणाकार एका संपूर्ण औषधवर्गाच्या उत्पादनाशी होतो.

बलवान बंध व दुर्बल बंध

विच्छेदन वरकरणी सोपे दिसते. पार्श्वशृंखला ॲमाइड बंधाने जोडलेली आहे आणि ॲमाइड बंधाचे जलीय विच्छेदन ही पाठ्यपुस्तकातील विक्रिया आहे. अडचण अशी की, पेनिसिलिनाच्या रेणूत ॲमाइड बंध दोन आहेत. पार्श्वशृंखलेचा बंध सामान्य व बळकट आहे. गाभ्यातील बीटा-लॅक्टम वलयाचा बंध मात्र दुर्बल आहे. चार अणूंच्या वलयातील ताण आणि पंचसदस्य वलयाशी झालेली जोडणी यांमुळे तेथील नायट्रोजन अणूस आपली इलेक्ट्रॉन-जोडी कार्बोनिल गटाकडे नेहमीप्रमाणे देता येत नाही व तो बंध अल्कलीच्या माऱ्यापुढे लवकर तुटतो. म्हणजे जो बंध तोडावयाचा तो बळकट, आणि जो राखावयाचा तो नाजूक! पेनिसिलिन अल्कलीत उकळले तर पार्श्वशृंखला जागच्या जागी राहून गाभाच नष्ट होईल.

रसायनज्ञांनी या पेचातून काढलेली वाट खरोखर चतुर होती व तिला कमी लेखण्याचे कारण नाही. पार्श्वशृंखलेच्या ॲमाइड गटातील नायट्रोजनावर एक हायड्रोजन अणू आहे. बीटा-लॅक्टम वलयातील नायट्रोजनावर तो नाही. फॉस्फरस पेंटाक्लोराइड हा पदार्थ हायड्रोजन असलेल्या ॲमाइडाशी संयोग पावून इमिनो क्लोराइड तयार करतो. वलयातील ॲमाइडास तो तसे करू शकत नाही. अशा रीतीने बळकट बंध निवडून दुर्बल करता आला. हॉलंडमधील डेल्फ्ट येथे सिद्ध झालेली ही पद्धती १९७० च्या सुमारास प्रसिद्ध झाली व लवकरच कारखान्यांत रुजली.

तिच्या पायऱ्या अशा. प्रथम पेनिसिलिनाचा कार्बॉक्सिल गट झाकावा लागतो, कारण फॉस्फरस पेंटाक्लोराइड त्यावरही क्रिया करील. त्यासाठी ट्रायमिथिल क्लोरोसिलेन किंवा त्या जातीचा दुसरा क्लोरोसिलेन वापरतात. ही क्रिया निर्जल डायक्लोरोमिथेनात करतात व निर्माण होणारे हायड्रोक्लोरिक अम्ल शोषून घेण्यासाठी डायमिथिल ॲनिलीन घालतात. मग तापमान उणे ४०° से.च्या आसपास उतरवून फॉस्फरस पेंटाक्लोराइड घालतात. त्याच थंडीत ब्युटॅनॉल घालून इमिनो क्लोराइडाचे इमिनो ईथर बनवितात. अखेरीस पाणी घातले की इमिनो ईथर तुटते, झाकण गळून पडते आणि अमोनियाने पीएच मूल्य योग्य जागी आणल्यावर ६-ॲमिनोपेनिसिलॅनिक अम्ल स्फटिकरूपाने खाली बसते. उतारा उत्तम मिळतो. या पद्धतीवर आक्षेप घ्यावयाचा तो उताऱ्यासंबंधी घेता येणार नाही. उत्पादनाबरोबर जे बाकी उरते त्याविषयीच घ्यावा लागेल.

ती बाकी कागदावर काढता येते. ६-ॲमिनोपेनिसिलॅनिक अम्लाचा रेणुभार २१६ आहे, तेव्हा १ किग्रॅ. उत्पादन म्हणजे सुमारे ४.६ मोल. प्रत्येक अभिकर्मक केवळ सममात्र प्रमाणात घेतला आणि उतारा शंभर टक्के मानला, तरी या १ किग्रॅ. मागे फॉस्फरस पेंटाक्लोराइड ०.९६ किग्रॅ., ट्रायमिथिल क्लोरोसिलेन ०.५० किग्रॅ. आणि डायमिथिल ॲनिलीन, दर सममात्रेस, ०.५६ किग्रॅ. लागते. प्रत्यक्षात ही द्रव्ये जादा घ्यावी लागतात. डायमिथिल ॲनिलीन तर दुपटीहून अधिक लागते, कारण हायड्रोक्लोरिक अम्ल एकाहून अधिक पायऱ्यांत सुटते. आता केवळ क्लोरिनाचा मागोवा घ्यावा. फॉस्फरस पेंटाक्लोराइडातून पाच अणू आणि सिलेनातून एक, असे उत्पादनाच्या दर रेणूमागे क्लोरिनाचे सहा अणू आत जातात. वजनाने १ किग्रॅ. उत्पादनामागे ०.९८ किग्रॅ. म्हणजे उत्पादनाइतक्याच वजनाचा क्लोरीन प्रक्रियेत शिरतो आणि त्यातील एकही अणू अंतिम रेणूत राहत नाही. तो सर्व क्लोराइड लवणांच्या रूपाने सांडपाण्यात जातो. फॉस्फरसाची गतीही तीच. तोडलेली पार्श्वशृंखलादेखील मोकळ्या अम्लाच्या रूपाने मिळत नाही, ती ब्युटिल एस्टराच्या रूपाने विद्रावकात मिसळून बसते. विद्रावके पुन्हा पुन्हा शुद्ध करून वापरता येतात हे खरे. परंतु डायक्लोरोमिथेन ४०° से.लाच उकळते, आणि इतके बाष्पनशील द्रव्य ऊर्ध्वपातनाच्या प्रत्येक फेरीत थोडेबहुत हातचे जातेच.

एंझाइमाची निवड

हाच पेच पेनिसिलिन ॲसिलेज निराळ्या रीतीने सोडविते. कोणता बंध दुर्बल आणि कोणता बलवान, याचा त्यास प्रश्नच पडत नाही. कोणता गट आपल्या खोबणीत बसतो एवढेच ते पाहते. एश्चेरिकिया कोलाय या जंतूतील हे एंझाइम दोन प्रथिनशृंखलांचे बनलेले असून त्यांत अनुक्रमे २०९ व ५५७ ॲमिनो अम्ले असतात. पेशीत प्रथम एकच लांब शृंखला तयार होते. तिच्यातील ५४ ॲमिनो अम्लांचा मधला तुकडा कापला गेला म्हणजे दुसऱ्या शृंखलेच्या आरंभी एक सेरीन उघडे पडते. हे सेरीनच क्रियाशील केंद्र होय. याची त्रिमितीय रचना क्ष-किरण स्फटिकशास्त्राने १९९५ मध्ये उलगडली, तेव्हा एक लक्षणीय गोष्ट दिसून आली. कायमोट्रिप्सिनासारख्या परिचित एंझाइमांत सेरिनाच्या मदतीस हिस्टिडीन व ॲस्पार्टिक अम्ल असतात, तसे येथे नाही. शृंखलेच्या टोकाशी असल्यामुळे या सेरिनाचा स्वतःचा ॲमिनो गट मोकळा आहे आणि क्षारकाचे काम तोच करतो.

केंद्राच्या शेजारी जलद्वेषी ॲमिनो अम्लांनी वेढलेली एक खोबण आहे. पेनिसिलिन-जीमधील फिनिल गट तीत चपखल बसतो आणि त्यामुळे पार्श्वशृंखलेचा कार्बोनिल गट सेरिनाच्या नेमका समोर येतो. सेरिनाचा हायड्रॉक्सिल गट त्यावर हल्ला करतो, गाभा सुटून निघून जातो व पार्श्वशृंखला क्षणभर एंझाइमालाच चिकटून राहते. मग पाण्याचा रेणू येऊन तिला फिनिल ॲसिटिक अम्लाच्या रूपाने सोडवितो. बीटा-लॅक्टम बंध या सर्व काळात सेरिनापासून दूर असतो. तो दुर्बल असूनही सुरक्षित राहतो, कारण हल्लेखोर त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही.

या प्रक्रियेच्या स्वच्छतेचे खरे कारण येथे आहे. 'सौम्य परिस्थिती' हे जे कारण नेहमी सांगण्यात येते ते दुय्यम होय. निवड एंझाइमाच्या आकारातच असल्यामुळे कार्बॉक्सिल गट झाकण्याची गरज उरत नाही. झाकण नको म्हणून सिलेन नको. ॲमाइड मुद्दाम दुर्बल करावयाचे नाही म्हणून फॉस्फरस पेंटाक्लोराइड नको. अम्ल शोषावयाचे नाही म्हणून डायमिथिल ॲनिलीन नको. पाण्याशी वैर असलेले अभिकर्मकच गेल्यावर निर्जल डायक्लोरोमिथेन नको, आणि उणे ४०° से. तापमानही नको. एक पायरी गाळली की तिच्यासाठी आणलेली सारी द्रव्ये गळतात. ज्या रूपांतरात मुळात संरक्षक गटांची किंवा सममात्र अभिकर्मकांची आवश्यकता नव्हती, तेथे एंझाइम आणून बसविल्याने असा लाभ होण्याचे कारण नाही.

मर्क व कोडेक्सिस या संस्थांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेले सिटाग्लिप्टिन या मधुमेहावरील औषधाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तेथे जुनी पद्धतीही उत्प्रेरकीच होती : रोडियमाच्या साहाय्याने दाबाखाली हायड्रोजनीकरण. तिच्या जागी सत्तावीस ॲमिनो अम्ले बदलून मुद्दाम घडविलेले ट्रान्सॲमिनेज आले. त्यामुळे जड धातू व उच्च दाब टळला, उतारा वाढला. तथापि एकूण टाकाऊ पदार्थांतील घट १९ टक्के नोंदविण्यात आली. ही घट नगण्य नव्हे. परंतु आधीची प्रक्रिया जितकी चांगली, तितका एंझाइमाने होणारा फायदा कमी, हे त्यावरून कळून येते.

आधारास बांधलेले एंझाइम

एंझाइमी मार्ग १९६० मध्येच माहीत होता, तर १९७० नंतर रासायनिक मार्गाने त्यास मागे का सारले? विरघळलेले एंझाइम किंवा जंतूंच्या पेशी एकदा वापरून टाकून द्याव्या लागत, विद्राव विरल असे, आणि उत्पादनात प्रथिनांचा अंश राहण्याची भीती असे. पेनिसिलिनाशी संयोग पावलेली प्रथिने ॲलर्जीस कारण होतात असे १९६७ मध्ये दाखविण्यात आले होते. तेव्हा ही भीती निराधार नव्हती.

पारडे फिरले ते एंझाइम घन आधारास बांधण्याच्या तंत्रामुळे. कोळशावर चिकटविलेले इन्व्हर्टेज आपली क्रिया टिकवून धरते हे नेल्सन व ग्रिफिन यांनी १९१६ मध्येच पाहिले होते. परंतु जपानमधील तानाबे सेइयाकू कंपनीत चिबाटा व त्यांचे सहकारी यांनी १९६९ मध्ये ॲमिनोॲसिलेज बांधून ॲमिनो अम्लांचे उत्पादन सुरू केले, तेव्हा या निरीक्षणास औद्योगिक अर्थ प्राप्त झाला. पेनिसिलिन ॲसिलेज हे या तंत्राचे पुढचे मोठे यश होय. एंझाइमाच्या पृष्ठभागावरील ॲमिनो गट आधाराच्या मण्यांवरील क्रियाशील गटांशी सहसंयुज बंधाने जोडतात. विक्रिया संपली की मणी जाळीवर अडकून राहतात, विद्राव निघून जातो, आणि तेच मणी शेकडो वेळा वापरता येतात. शेल्डन यांच्या गटाने २००० मध्ये आधारच गाळून एंझाइमाचे रेणू अवक्षेपित करून एकमेकांस बांधण्याची युक्ती दाखविली. तिचे पहिले उदाहरणही पेनिसिलिन ॲसिलेजच होते.

बांधण्याने एक नवी अडचण उद्भवते व ती विद्यार्थ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. विक्रियेत फिनिल ॲसिटिक अम्ल सुटते. भांड्यातील द्रवाचे पीएच मूल्य ८च्या जवळ राखण्यासाठी अमोनिया सोडला, तरी मण्याच्या अंतर्भागात निर्माण झालेले अम्ल बाहेर झिरपण्यास वेळ लागतो व तेथील पीएच बाहेरच्यापेक्षा कमी राहते. त्याचे परिणाम दुहेरी आहेत. एक तर एंझाइमाची गती मंदावते. दुसरे म्हणजे समतोल उलट्या दिशेने झुकतो. विच्छेदन पुरे होते ते सुटलेले अम्ल आयनीभूत होऊन विक्रियेतून बाजूस पडते म्हणून. पीएच ५च्या सुमारास हीच विक्रिया उलटी फिरून पेनिसिलिन परत बनवू लागते. बाहेरचे पीएच चढवून ही उणीव भरून काढावी म्हटले, तर अल्कलीमुळे बीटा-लॅक्टम वलय धोक्यात येते. शिवाय फिनिल ॲसिटिक अम्ल एंझाइमाची खोबण अडवून बसते आणि ६-ॲमिनोपेनिसिलॅनिक अम्लही गती रोखते. म्हणून उंच स्तंभात मणी भरून वरून द्राव सोडण्याची आकर्षक कल्पना येथे तितकीशी उपयोगी पडत नाही. ढवळणी असलेले, तळाशी जाळी बसविलेले साधे भांडेच बहुधा पसंत केले जाते.

या विषयाचा महाराष्ट्राशी निकटचा संबंध आहे. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (१९५०) व पिंपरी येथील हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स (१९५४) यांच्यामधील अंतर काही किलोमीटरांचे. पेनिसिलिन ॲसिलेजाच्या उत्पादनाविषयी व ६-ॲमिनोपेनिसिलॅनिक अम्लाच्या निर्मितीतील त्याच्या उपयोगाविषयी १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक विस्तृत आढावा या दोन संस्थांतील संशोधकांनी मिळून लिहिलेला आहे. पेनिसिलिन-व्ही तोडणाऱ्या निराळ्या ॲसिलेजाची स्फटिकरचना १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली, तीही पुण्याची प्रयोगशाळा व इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठ यांच्या सहकार्यातून. त्या एंझाइमात सेरिनाची जागा सिस्टीन घेते, परंतु टोकाचा मोकळा ॲमिनो गट तेथेही तेच काम करतो.

ताळेबंद

आता दुसऱ्या मार्गाची बाकी काढता येईल. १ किग्रॅ. उत्पादनास पेनिसिलिन-जीचे पोटॅशियम लवण सिद्धांताप्रमाणे १.७२ किग्रॅ. लागते, ते दोन्ही मार्गांस समान. अमोनिया सुमारे ०.०८ किग्रॅ. पुरतो. फिनिल ॲसिटिक अम्ल ०.६३ किग्रॅ. मिळते. क्लोरोसिलेन, फॉस्फरस पेंटाक्लोराइड व डायमिथिल ॲनिलीन यांचे रकाने कोरे राहतात.

येथवर सर्व ठीक आहे; पण पुष्कळदा हिशेब येथेच थांबविला जातो आणि तो अपुरा असतो. विक्रिया संपल्यावर उत्पादन वेगळे करावे लागते. त्यासाठी द्राव अम्लीय करतात, फिनिल ॲसिटिक अम्ल सेंद्रिय विद्रावकात काढून घेतात आणि पीएच ४च्या सुमारास ६-ॲमिनोपेनिसिलॅनिक अम्लाचे स्फटिक पाडतात. म्हणजे सेंद्रिय विद्रावक संपूर्णपणे हद्दपार झालेले नाही. हायड्रोक्लोरिक अम्ल वापरले असे धरल्यास दर रेणूमागे पोटॅशियम क्लोराइड व अमोनियम क्लोराइड यांचा एकेक रेणू उरतो; वजनाने दोन्ही मिळून ०.५९ किग्रॅ. हे लवण निरुपद्रवी असले तरी त्याचे वजन शून्य नाही. पाण्याचे पाहिले तर, पेनिसिलिनाचा विद्राव १० टक्क्यांचा धरल्यास १ किग्रॅ. उत्पादनास किमान १७ लिटर पाणी लागते. शेल्डन यांनी १९९२ मध्ये 'ई-गुणक' मांडला. उत्पादनाच्या दर किलोग्रॅममागे किती किलोग्रॅम टाकाऊ पदार्थ निर्माण झाला याचा तो आकडा होय. औषधी द्रव्यांत तो २५ ते १०० व क्वचित त्याहून अधिक भरतो, असे त्यांनी दाखविले. परंतु त्या मूळ गणनेत पाणी धरलेले नव्हते. पाणी वगळले की एंझाइमी मार्ग अधिक उजळ दिसतो, मोजले की थोडा कमी. कोणता आकडा कोणत्या पद्धतीने काढला आहे हे सांगितल्याखेरीज दोन ई-गुणकांची तुलना करणे व्यर्थ होय. ट्रॉस्ट यांची १९९१ मधील 'अणु-मितव्यय' ही कल्पना येथे फारशी कामाची नाही. विच्छेदनाच्या साध्या समीकरणावरून ती एंझाइमी मार्गास ६१ टक्के देते, कारण तोडलेली पार्श्वशृंखला ती सरसकट वाया गेली असे समजते.

ती मात्र वाया जाण्याचे कारण नाही. पेनिसिलिनाच्या किण्वनात बुरशीला पार्श्वशृंखलेसाठी फिनिल ॲसिटिक अम्ल बाहेरून पुरवावेच लागते. एंझाइमी मार्गाने सुटलेले अम्ल शुद्ध करून पुन्हा किण्वनाच्या टाकीत सोडले की वर्तुळ पुरे होते; ब्युटिल एस्टराच्या रूपात ते इतक्या सरळपणे करता येत नव्हते. परंतु हे वर्तुळ किण्वन व विच्छेदन शेजारी शेजारी असतील तरच पुरे होते. पिंपरीसारख्या ठिकाणी, जेथे १९५५ पासून पेनिसिलिनाचे किण्वन होत असे, ती सोय होती. पुढे स्वस्त आयातीपुढे देशातील पेनिसिलिनाचे किण्वन मागे पडले आणि २०२० मध्ये केंद्र सरकारास उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजनेत पेनिसिलिन-जीचा मुद्दाम समावेश करावा लागला. आयात केलेले पेनिसिलिन येथे तोडले, तर उरलेले फिनिल ॲसिटिक अम्ल समुद्रापारच्या टाकीत परत कसे पाठवावयाचे? एंझाइम तेच, मणी तेच. परंतु कारखान्याचे स्थान बदलताच एक उपपदार्थ कच्च्या मालाच्या रकान्यातून टाकाऊ मालाच्या रकान्यात जातो.

आणखी एक नोंद कोणत्याच गुणकात येत नाही. वजनाचे हिशेब सांडपाण्यातील एक ग्रॅम मीठ व एक ग्रॅम प्रतिजैविक यांस सारखेच लेखतात. हैदराबादजवळील पाटणचेरू येथे औषध-कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या सामाईक केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिन दर लिटरला सुमारे ३० मिलिग्रॅमपर्यंत आढळल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. ते द्रव्य वेगळे व टिकाऊ. पेनिसिलिनाचे वलय पाण्यात त्यामानाने लवकर मोडते. तरी जंतूंमधील प्रतिकारशक्ती वाढविण्यास सांडपाण्यातील प्रतिजैविकाचे अत्यल्प प्रमाणही पुरेसे होऊ शकते, आणि ६-ॲमिनोपेनिसिलॅनिक अम्ल रासायनिक मार्गाने आले की एंझाइमी, याने त्यात फरक पडत नाही.

उलटी विक्रिया

गाभा मिळाल्यावर त्यास नवी पार्श्वशृंखला जोडण्याचे काम बराच काळ रासायनिक मार्गानेच होत राहिले, आणि क्लोराइडे, संरक्षक गट, थंडी व डायक्लोरोमिथेन ही सारी मंडळी तेथे पुन्हा हजर झाली. खोबणीत डी-फिनिलग्लायसिनाचा गटही बसत असल्यामुळे पेनिसिलिन ॲसिलेजाकडूनच अँपिसिलिन करवून घेता येईल हे उघड होते. येथे समतोलावर विसंबून चालत नाही. पार्श्वशृंखलेचे अम्ल तिच्या मिथिल एस्टराच्या किंवा ॲमाइडाच्या रूपाने देतात. एंझाइम ती शृंखला स्वतःवर चढवून घेते, आणि मग तिला सोडविण्यासाठी दोघांत चढाओढ लागते : ६-ॲमिनोपेनिसिलॅनिक अम्लाचा ॲमिनो गट आणि पाणी. पहिला जिंकला तर अँपिसिलिन, दुसरा जिंकला तर महागडा एस्टर फुकट गेला. शिवाय तयार झालेले अँपिसिलिन तेच एंझाइम पुन्हा तोडू लागते. म्हणून विक्रिया योग्य क्षणी थांबवावी लागते किंवा उत्पादन तयार होताच अवक्षेपित व्हावे अशी योजना करावी लागते. संयोग व जलीय विच्छेदन यांच्या गतींचे गुणोत्तर हा या क्षेत्रातील कळीचा आकडा आहे, आणि एंझाइमाची ॲमिनो अम्ले बदलून तो वाढविण्याचे प्रयत्न चालू आहेत. सेफॅलेक्सिन व अमॉक्सिसिलिन यांच्या बाबतीत तो औद्योगिक उत्पादनास पुरेल इतका वाढविता आला. या पायरीच्या ताळेबंदात मात्र डी-फिनिलग्लायसिन व त्याचा मिथिल एस्टर कोठून व कसा आला, त्यास किती अम्ल व किती मिथेनॉल लागले, हे रकाने प्रथम भरावे लागतात. ते कोरे ठेवून काढलेला कोणताही ई-गुणक पेनिसिलिन ॲसिलेजाच्या पदरी दुसऱ्याचे श्रेय टाकतो.